आमची की आपली

आमच्या दारात आजवर दोनच मोटारी आल्या. पहिली अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आणि दुसरी माझी. पहिली देशी म्हणून गल्लीभर मिरवली. दुसरी परदेशी ठरली आणि अण्णांनी वर्षभर तिच्याकडे धड बघितलंही नाही. देशी कोण आणि परदेशी कोण हा तंटा आमच्या घरात मोटारींवरून झाला खरा, पण त्यात सगळ्यात जास्त भरडली गेली ती आई. हे आम्हाला कळलं तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. काही घरांना अक्कल उशिरा येते, त्यांतलं आमचं एक.

आई मैंदर्गीची. अक्कलकोटच्या पुढे, जिथे माणूस एका वाक्यात मराठीत शिरतो आणि कानडीतून बाहेर पडतो, तिकडची. तिच्या माहेरी घरात सगळं कानडी. अण्णा मोडनिंबचे, अस्सल मराठी. लग्न होऊन ती सोलापुरात आली तेव्हा तिला मराठी समजायचं, पण बोलताना तिची भाकरी पुल्लिंगी व्हायची आणि तवा स्त्रीलिंगी. त्यावर सगळे हसायचे, तीही हसायची. हसण्यावारी गेलं तोवर बरं होतं.

पहिली गाडी आली तेव्हा मी शाळेत होते. पांढरी, गोल नाकाची, अंगानं दणकट, मागे चार माणसं मांडीला मांडी लावून आरामात बसतील अशी. एका सरकी-पेंडीच्या व्यापाऱ्याकडून अण्णांनी ती जुनीच घेतली होती, त्यामुळे कितीतरी दिवस तिच्या डिकीत सरकीचा वास यायचा. मला तो वास अजून आठवतो आणि आठवला की उगाच बरं वाटतं. रविवारी सकाळी अण्णा बनियनवर तिला धुवायचे, मी बादल्या आणून द्यायचे, आई दारातून सांगायची की पाणी जपून, नळाला परत चार दिवसांनी येणार. उन्हाळ्यात तर गाडी नुसती ओल्या फडक्यानं पुसली जायची. अण्णा म्हणायचे, कुणाची मेहेरबानी नाही, आपल्या देशात झालेली आपली गाडी आहे. हे ते मलाही सांगायचे, दूधवाल्यालाही सांगायचे आणि कुणीच नसलं तर गाडीला सांगायचे.

त्या दिवाळीत आत्या भाऊबीजेला आली. आत्या अण्णांहून मोठी, मोडनिंबलाच दिलेली, बोलायला फटकळ पण जिवाला जीव देणारी. येताना भावाला आवडतात म्हणून शेंगाच्या पोळ्यांचा डबा भरून आणायची. दोन दिवस राहिली, ओवाळलं, निघाली. नेहमीप्रमाणे एसटीनं जाणार होती. आईनं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि मोठ्या प्रेमानं म्हणाली, "वन्सं, एस्टी कशाला? आमची गाडी हाय की."

आत्या उंबऱ्यात थांबली. तिनं आईच्या हातातली पिशवी परत घेतली.

"तुमची हाय व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं माज्या भावाची हाय."

आणि चपला घालून चालू लागली. आई तशीच हात पुढे करून उभी. आपण काय बोललो हेच तिला समजेना. मराठी माणसाला हे सांगायला नको. ‘आपली’ म्हटलं की ऐकणारा घरात असतो आणि ‘आमची’ म्हटलं की तो दाराबाहेर. आईनं भावाच्या घरी आलेल्या बहिणीला दाराबाहेर काढलं होतं, तेही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. अण्णा तिथेच होते, किल्ली हातात घेऊन. ते काही बोलले नाहीत. बहिणीलाही नाही आणि बायकोलाही नाही. आत्या त्यानंतरही त्या गाडीत कधीच बसली नाही. मोडनिंबला आम्ही गाडीनं गेलो तरी ती गाडीकडे पाठ करून उभी राहायची.

शेजारी एक तेलुगू काकू होत्या, त्यांच्या घरी माग होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला समजावलं की बाई, मराठीत ‘आमचं’ आणि ‘आपलं’ असे दोन शब्द असतात, आमच्यातही दोन आहेत, तू पाहुण्यांशी ‘आपलं’ म्हणत जा. आईनं ते मनावर घेतलं. चारच दिवसांत काकूंच्या घरून कुणीतरी अण्णांना बोलवायला आलं, तेव्हा आई त्या काकूंनाच भिंतीवरून ओरडून म्हणाली, "आपले मालक कामावर गेलेत." काकू हसत खाली बसल्या. म्हणाल्या, अगं, तुझे मालक तुझ्याकडेच ठेव, मला एक आहे तो पुरे. गल्लीत ही गोष्ट आठवडाभर पुरली.

त्यानंतर आईनं दोन्ही शब्द सोडले. कुणाला सांगून नाही. हळूहळू माझ्या लक्षात आलं की ती आता नुसती ‘गाडी’ म्हणते, ‘घर’ म्हणते, ‘पोरगी’ म्हणते. गाडी धुतली का. घरी चला. पोरगी पास झाली. सगळं तिचंच होतं, आणि एकाही गोष्टीच्या पाठीवर ती हात ठेवून बोलत नव्हती. मराठी तिचं पुढे इतकं सुधारलं की भाकरी पुन्हा बाई झाली आणि तवा बुवा, पण हे दोन शब्द काही परत आले नाहीत. मला त्याची इतकी सवय झाली की ती आईची बोलण्याची ढब आहे असंच मी समजत होते.

अण्णा टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग बघायचे. माल सगळा परदेशी जाणारा. टॉवेल विणला जायचा आमच्या सोलापुरात, त्यावर लेबल शिवलं जायचं कुठल्या कुठल्या सातासमुद्रापलीकडच्या दुकानाचं. कुठे धागा सुटलेला, कुठे काठ वाकडा झालेला माल घरी यायचा. त्यामुळे आमच्या न्हाणीघरात मी लहानपणापासून अशा दुकानांच्या नावांनी अंग पुसत आले की जिथे आमच्यापैकी कुणी पाऊल टाकणं शक्य नव्हतं. पाहुणे विचारायचे, फॉरेनचा का हो टॉवेल? अण्णा छाती फुगवून सांगायचे की फॉरेनचा कसला, कालपर्यंत इथल्या मागावर होता.

गोल नाकाच्या गाडीनं पुष्कळ वर्षं सेवा केली आणि एके दिवशी ती कायमची बसली. तिला ओढून नेताना अण्णा घरात निघून गेले. मी दारात उभी राहून रडले, मला लाज वाटली नाही. नंतर अण्णा निवृत्त झाले. मी बँकेत होते, लग्नाच्या फंदात पडले नव्हते, आईवडिलांजवळच राहत होते. अण्णांचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा मी कर्ज काढून नवी गाडी घेतली. लहानशी, निळ्या रंगाची. कंपनी परदेशातली.

आईनं ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली. अण्णा खुर्चीतून उठले नाहीत. मी त्यांना समजावलं की अण्णा, ही तामिळनाडूत तयार झाली आहे, इथल्या माणसांनी इथल्या पत्र्यापासून केली आहे, टायर आपल्याकडचे, काच आपल्याकडची. उलट विलायतेतल्या भल्या मोठ्या गाड्यांची कंपनी आता आपल्या माणसांनी विकत घेतली आहे, मग ती देशी म्हणायची का? अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ऱ्हाऊ दे. कपाळावर कुंकू कुणाचं हाय?"

गाडीच्या नाकावर बिल्ला होता तो परदेशी कंपनीचा. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आन् तुमच्या टॉवेलाच्या कपाळावर कुणाचं होतं?"

मी हसले. अण्णाही जरा हलले, पण हार मानणारा माणूस नव्हे. म्हणाले, टॉवेलाची गोष्ट वेगळी. आई हात पुसत बाहेर आली. ती जुनी तरी कुठली होती, तीही गोऱ्या साहेबाच्याच घडणीची होती, स्टँडवरचे टॅक्सीवाले सांगायचे की, असं ती म्हणाली. यावर अण्णा म्हणाले, "असंल. पण ती लई वर्षं हितं राबली. म्हणून आपली झाली."

आईनं विचारलं, "किती वर्षं लागतात?"

तिनं ते भांडणाच्या सुरात विचारलं नव्हतं, दुकानात भाव विचारावा तसं विचारलं होतं. अण्णांनी पेपर उघडला. आई आत गेली. पुढे वर्षभर अण्णा दवाखान्यातसुद्धा रिक्षानं गेले. आई एकटी माझ्याबरोबर गाडीत बसायची आणि उतरताना दार हळू लावायची.

मग ज्येष्ठात मैंदर्गीहून मामाचा निरोप आला. आईचा हा एकुलता भाऊ. त्याच्या गोठ्यात बैलांची शेवटची जोडी राहिली होती आणि शेतीची कामं ट्रॅक्टरवर गेली होती. यंदाची कारहुणवी झाली की जोडी द्यायची ठरली होती. कारहुणवी म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, बेंदूरच म्हणा, पण कानडी मुलखात ज्येष्ठी पौर्णिमेला येणारा. मामाचा हट्ट होता की या खेपेला बहीण आणि दाजी दोघंही पाहिजेत. आईची तर तयारी निरोपाच्या आधीच झालेली. अण्णा म्हणाले, येतो, पण एसटीनं.

त्यांना कुणी समजावलं नाही. सकाळी मी त्यांना रिक्षानं स्टँडवर नेऊन एसटीत बसवून दिलं आणि घरी येऊन आईला गाडीत घेतलं. अक्कलकोट रस्त्याला लागलो तर पुढेच ती एसटी. मागच्या खिडकीच्या काचेत अण्णांची पांढरी टोपी दिसत होती. मी हॉर्न वाजवून पुढे काढायला लागले, तर आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"पुढं जायचं न्हाय," ती म्हणाली. "त्यांच्या मागंच ऱ्हा."

वळसंग गेलं, अक्कलकोट आलं. एसटी थांबली की आम्ही थांबायचो, एसटी निघाली की आम्ही निघायचो. मागचे ट्रकवाले शिव्या घालून पुढे जात होते. अण्णा अधूनमधून मागे वळून बघायचे आणि आम्ही दिसलो की झटकन तोंड फिरवायचे. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मला आयुष्यात कुठल्याही प्रवासाची इतकी मजा आलेली नाही, आणि इतका वैतागही. मैंदर्गीला अण्णा उतरले तेव्हा धुळीनं पांढरे झाले होते. आम्ही त्यांच्या मागून चालतच मामाच्या घरापर्यंत गेलो, म्हणजे अण्णा चालत आणि गाडी पहिल्या गियरमध्ये.

मामा दारातच होता. "बर्री बर्री, दाजी," असं म्हणत त्यानं अण्णांना बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं. अंगणात बैल न्हाऊन उभे होते, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. त्यातला एक उमदा खिलार होता. अण्णांना बैलांतलं कळायचं, त्यांनी विचारलं, हा कुठला? मामा म्हणाला, आमचा. अण्णा म्हणाले, तसं नाही, मूळचा कुठला? मामाला प्रश्नच समजला नाही. सांगोल्याच्या बाजारातनं आणला होता, पण घरात आला त्या दिवशी पायावर पाणी घातलं, गूळ-भाकरी दिली, मग कुठला काय, असं तो म्हणाला.

गव्हाची गोड हुग्गी आणि कडक भाकरीचं जेवण होईपर्यंत भावकीतली चार माणसं जमली. मामाच्या हातात बैलांच्या शिंगांचा उरलेला रंग होता. तो सरळ माझ्या निळ्या गाडीपाशी गेला आणि तिच्या नाकावर, बिल्ल्याच्या अगदी शेजारी, त्यानं लाल बोटांचे पट्टे ओढले. मग अण्णांच्या खांद्यावर हात टाकून भावकीला कानडीत सांगितलं, "नम्म गाडी." आणि अण्णांना कळावं म्हणून तेच मराठीत म्हणाला, "दाजी, ही आमची गाडी. कशी झकास दिसायला लागली."

मी अण्णांकडे बघत होते. खांद्यावर मामाचा हात होता, आणि मामा त्यांनाच सांगत होता की ही आमची गाडी आहे. त्यात अण्णांना बाहेर ठेवायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मग अण्णांनी विचारलं, "नम्म म्हंजे आमची का आपली?"

"दोन्ही एकच की," मामा म्हणाला.

"तुमच्यात दोन न्हाईत?"

"दोन कशाला पायजेत? आपल्या माणसाला बाहेर ठेवायला येगळा शब्द लागतोय व्हय?"

भावकी हसली. अण्णा हसले नाहीत. ते आईला शोधत होते. आई गोठ्याच्या भिंतीपाशी खिलाराच्या गळ्याखाली खाजवत उभी होती, तिनं हे ऐकलं की नाही कोण जाणे. अण्णा म्हणजे सोलापुरात आयुष्य काढलेला माणूस, बाजारापुरतं कानडी त्यालाही येत होतं. ‘नम्म’ हा शब्द त्यानं हजारदा ऐकला असेल. पण आपल्या बायकोनं भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या बहिणीला दारात काय म्हटलं होतं, ते त्याला आत्ता ऐकू आलं. मलाही आत्ताच आलं. तिच्या ‘आमची’मध्ये आत्या होती, अण्णा होते, मी होते, सगळं मोडनिंब होतं. माझे डोळे भरून आले म्हणून मी उगाच गाडीची काच पुसायला लागले.

संध्याकाळी वेशीतून बैल पळाले, कर, म्हणजे वेशीत आडवा बांधलेला पाल्याचा दोर, तोडली गेली, शर्यतीत खिलार दुसरा आला. निघताना मामानं आईची ओटी भरली, अण्णांना टोपी-टॉवेल दिला. टॉवेलावर परदेशी दुकानाचं लेबल होतं, अण्णांनी ते वाचून चटकन आत दुमडलं आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. एसटी अजून एक होती. अण्णा स्टँडकडे वळले नाहीत. गाडीचं मागचं दार उघडून त्यांनी आईला आधी बसवलं आणि शेजारी स्वतः बसले. मी झटकन गाडी सुरू केली, न जाणो विचार बदलला तर.

वळसंगला चहाला थांबलो. तिथे अण्णांचा कारखान्यातला एक जुना सोबती भेटला, निवृत्त होऊन गावी शेती करत होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, नाकावरचा लाल रंग बघितला, बिल्ला बघितला आणि म्हणाला, "फॉरेनची दिसती. कुणाची?"

अण्णांनी कपबशी खाली ठेवली.

"आमची," ते म्हणाले.

उखाण्यात पहिल्यांदाच नाव घेताना माणूस थांबतो तसे ते जरा थांबून म्हणाले. मग आईकडे बघितलं. आई गाडीतच बसून चहा पीत होती. तिनं बशीतला घोट संपवला.

"‘आपली’ म्हणावं," ती म्हणाली. "‘आमची’ म्हटलं की माणसं तुटत्यात."

सोबत्याला काही कळलं नाही. अण्णांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. मग ते म्हणाले, "तुज्या भाषेतलं ‘आमची’ म्हणलो मी." आईनं रिकामी कपबशी त्यांच्या हातात दिली आणि पदरानं तोंड पुसलं. सोलापूर येईपर्यंत आरशात मला दिसत होतं की अण्णांचा हात आईच्या ओटीच्या पिशवीवर होता, ती सांडू नये म्हणून.

घरी आल्यावर त्यांनी मोडनिंबला फोन लावला. आत्याला कमी ऐकू येतं, म्हणून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होते. कानडीत एकच शब्द असतोय, ताई, एवढंच परत परत सांगत होते. पलीकडून आत्या काय म्हणाली ते त्यांनी सांगितलं नाही. पुढची वर्षं ते माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसायचे आणि सिग्नलला, पेट्रोल पंपावर, दवाखान्यात, कुणी न विचारताही सांगायचे की गाडी आमची आहे. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याला गर्व झालाय.

अण्णा गेले. तेराव्यानंतर आत्या मोडनिंबला परत निघाली. आता तिला काठी लागत होती. पिशवी घेऊन ती उंबऱ्यापर्यंत आली, रिक्षा बघ म्हणाली. आईनं पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली. इतक्या वर्षांत आईनं तो शब्द कशालाही लावलेला मी ऐकला नव्हता.

"वन्सं," आई म्हणाली, "रिक्षा कशाला? आमची गाडी हाय की."

आत्या थांबली. तिनं निळ्या गाडीकडे बघितलं, आईकडे बघितलं. पिशवी मागितली नाही.

"आमचीच हाय," ती म्हणाली. "उघड दार."